छत्रीवाल्याचा सांधा

टीव्हीच्या छत्र्या बसवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, म्हणून सगळे त्याला छत्रीवालाच म्हणत. पुढे छत्र्या मागे पडल्या आणि उपग्रहांकडून ठिकाण किंवा वेळ घेणारी यंत्रं आली. त्यांचे अँटेना पालथ्या वाडग्याएवढे, पांढरेशुभ्र. काम बदललं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

कामात तो भलता काटेकोर. केबल कोपऱ्यावर करकचून मोडायची नाही, ऐसपैस वळण द्यायचं. केबल आणि अँटेना जोडणाऱ्या सांध्यावरची रबरी पट्टी खालून वर गुंडाळायची, म्हणजे पदर कौलांसारखे एकावर एक बसतात. "पाण्याला जिना दाखवलात तर ते घरात येणारच," असं तो म्हणे.

हल्ली मात्र त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत. स्क्रू निसटे, कप कलंडे. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवा, असं तिने कितीदा तरी सांगितलं आणि त्याने तितक्याच वेळा काहीतरी निमित्त काढलं. डॉक्टरांनी हे काम सोडा म्हटलं तर काय, ही धास्ती त्याला होती. शेवटी त्याने स्वतःच स्वतःची परीक्षा ठरवली. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातल्या घड्याळासाठी त्याने नुकताच अँटेना बसवला होता. तो सांधा टिकला तर हात शाबूत; गळला तर पक्कड खुंटीला, असं त्याने बायकोलाही सांगून टाकलं.

आणि नेमका तिथूनच फोन आला. घड्याळावर लाल दिवा लागलाय, एकही उपग्रह सापडत नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या. घड्याळ तूर्त स्वतःच्या अंदाजाने चालू होतं, पण आलेल्या प्रत्येक फोनची वेळ त्यावरूनच टिपली जाई. अंदाजावर किती दिवस भागणार?

तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा बायकोने काही विचारलं नाही. न विचारण्याची तिची ही तऱ्हा त्याला विचारण्यापेक्षा जड जाई.

कक्षात त्याने मीटर लावून पाहिलं. वीज वर जात होती, म्हणजे केबल तुटलेली नव्हती. राहिला सांधा. तो जिना चढू लागला. गच्चीवर नुकताच उन्हापासून बचावाचा चंदेरी रंग दिला होता, डोळे उघडवेनात. मान खाली घालून तो अँटेनाच्या खांबापाशी बसला आणि तळाशी असलेली सांध्याची डबी उघडली. पट्टी सोडवताना बोटांना पुन्हा मुंग्या आल्या. तो थांबला, हात झटकला, पुन्हा लागला.

सांधा उघडला. आत पाण्याचा थेंब नाही. मधली तांब्याची काडी सुईसारखी सरळ, लखलखीत. त्याचा विश्वास बसेना. पिशवीतला जादा अँटेना त्याने त्याच केबलला जोडून कठड्यावर ठेवला आणि खाली फोन लावला.

"आले की!" बाई म्हणाल्या. "एकामागून एक येतायत."

मग बिघाड कुठे? तेव्हा कुठे त्याने मान वर केली. खांबावरचा पांढरा वाडगा गच्चीसारखाच चकाकत होता.

गच्चीचं काम त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे रंगारीबुवांनी घेतलं होतं. त्याने लगेच फोन फिरवला.

"जावईबापू, माझ्या अँटेनाला रंग तुम्ही लावलात?"

"हो दादा, दोन हात मारलेत," पलीकडून कौतुकाच्या अपेक्षेने उत्तर आलं. "तुमचंच काम ना, मग हात आखडता कशाला घ्यायचा?"

"त्या रंगात धातूची पूड असते. तुम्ही उपग्रहांच्या तोंडावर पातेलं पालथं घातलंत."

पलीकडून बिचकत विचारणा झाली, "आता खरवडू का?"

एरवी छत्रीवाल्याने त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली असती. पण आज त्याला राग येईचना. उलट हसू फुटलं ते आवरेना. खरवडू नका, मी नवाच बसवतो, तुम्ही फक्त पुन्हा त्याच्यावर माया करू नका, एवढं बजावून त्याने फोन ठेवला.

नवा अँटेना खांबावर चढवून सांध्याला त्याने खालून वर पट्टी गुंडाळली. हात मध्येच बधिर झाला. तो थांबला आणि मग पुढचे पदर घेतले. घाई कसली? खालचा लाल दिवा विझल्याचं बाईंनी कळवलं, तसा तो जिन्याच्या सावलीत बसला आणि घरी फोन लावला.

"सांधा धडधाकट निघाला," तो म्हणाला. "जावयांनी अँटेनाच रंगवून ठेवला होता."

बायको पोटभर हसली. मग म्हणाली, "हात चांगला आहे, हे आता तुमचं तुम्हाला पटलं ना? मग चांगला आहे तोवरच दाखवू या."

या वेळी त्याला एकही निमित्त सुचलं नाही, आणि खरं तर त्याने शोधलंही नाही.

"उद्या सकाळचं बघ," तो म्हणाला. "तूही चल बरोबर."