अकराची एसटी

भिमाबाईकडं घड्याळ नव्हतं. पारनेरजवळच्या आमच्या चार वाड्यांत तिनं तीस वर्षं बाळंतपणं केली, पण वेळ ठेवली ती एसटीवर. पारनेरला जाणारी अकराची गाडी ओढ्याच्या वळणावर हॉर्न द्यायची. त्या हॉर्नला तिनं कितीतरी नाळा कापल्या असतील.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या कारभारीच्या बायकोला मुलगा झाला आणि रडलाच नाही. भिमाबाईनं पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. बऱ्याच वेळानं एक उसासा आला. अंग मात्र ओल्या फडक्यासारखं ढिलं.

तसंच पारनेरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "पुण्याला न्या. तिथं अशा बाळांवर नवा उपाय चाललाय. जन्मापासून सहा तासांत पोचलं तरच घेतात."

बाळ नऊला झालं, असं कारभारीच्या आईनं, हौसाबाईनं, गावभर सांगितलेलं. मीही तेच धरून चाललो. जीपवाल्याशी भांडून जीप काढली. तीन वाजले तेव्हा आम्ही शिक्रापुरातच होतो. मग मी घड्याळ बघायचं सोडलं. भिमाबाई दोनदा काहीतरी बोलायला गेली, दोन्ही वेळा हौसाबाईनं तिच्याकडं डोळे वटारले.

सव्वाचारला पोचलो. डॉक्टरीण कागद घेऊनच पुढं आली.

"दिवस भरले होते? वजन पावणेतीन, ठीक. जन्म कधीचा?"

"नवाचा," हौसाबाई म्हणाली.

पेन थांबलं. "मग नाही घेता येणार, आजी. सात तास होऊन गेले."

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नऊ न्हाई, बाई. अकराची यष्टी वळली तवा झालं."

"भिमे, तोंड सांभाळ!"

"किती सांभाळू? पोरगं चाललं की!"

साडेदहाला अमावस्या लागत होती. आवशीचं पोर नको, म्हणून म्हातारीनं जन्म दोन तास मागं ढकलला होता. कारभारी खाली बघत म्हणाला, "आई, बास. अकराच."

डॉक्टरीण भिमाबाईकडं वळली. "दहा मिनिटांनी स्वतः श्वास घेत होतं?"

भिमाबाईच्या, गावकुसाबाहेरच्या गल्लीतली माणसं अशा वेळी कशाला भितात, ते मला ठाऊक आहे. उद्या पोर गेलं तर गाव म्हणणार, भिमीनं मारलं. आणि साक्षीला तिचंच तोंड.

"न्हाई," ती म्हणाली. "मीच फुकत हुते. लई येळ."

डॉक्टरणीनं खूण केली. "घ्या आत. अशाच बाळांसाठी आहे हा उपाय."

काचेतून बघितलं तर बाळ उघडं, अंगाभोवती गार पाण्याच्या पिशव्या. हौसाबाईनं कपाळ बडवलं, "गारठून मरंल की!" मेंदूला सूज येऊ नये म्हणून तीन दिवस थंड ठेवायचं, वाचेलच असं नाही, एवढंच नर्सनं सांगितलं. तीस वर्षं पोरं शेकणारी भिमाबाई काचेला हात लावून उभी राहिली. तीन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. आतला कुणी बाहेर आला की ती आधी त्याचा चेहरा बघायची.

चौथ्या दिवशी बाळाला हळूहळू ऊब दिली. दुपारी आतून रडणं ऐकू आलं. बारीक, मग खणखणीत.

भिमाबाईनं काचेवरचा हात काढला आणि भिंतीला टेकून बसली. हौसाबाई तिच्याशेजारी येऊन बसली.

"आवशीचं हाय," पदरानं नाक पुसत म्हणाली, "पर आवाज हाय गं, भिमे."