राक्षसांसाठी ठेवलेला अंधार

मला स्वस्थ बसता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बुधवार पेठेत माझं दिव्यांचं दुकान आहे. तिथेसुद्धा मी गल्ल्यावर टिकत नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की बल्ब लावून दाखवायला हात शिवशिवतात. त्यामुळे आमची मुलगी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष मध्येच टाकून हॉस्टेलवरून घरी आली, खोलीत शिरून दार लावून बसली आणि का आलीस ते सांगेचना, तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

“तिला काही विचारायचं नाही,” बायकोने बजावलं. ती शाळेत शिकवते, आणि घरातही तिचाच शब्द शेवटचा. “बोलेल तेव्हा बोलेल. तुम्ही दारावर थापा मारायला जाऊ नका.”

मी मारल्याच. आतून “बाबा, प्लीज” एवढंच आलं. जेवायच्या वेळी ती बाहेर यायची आणि ताट उचलून आत जायची. कुणी त्रास दिला? कुणाशी भांडण झालं? बिबवेवाडीतल्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये मी हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल अशा इतक्या फेऱ्या मारल्या की खालच्यांनी वर येऊन चौकशी केली.

आत ती दिवसभर कॉम्प्युटरवरचा तो ठोकळ्यांचा खेळ खेळायची. त्यात माती, दगड, झाडं, सगळं चौकोनी. खणायचं, बांधायचं, आणि रात्र झाली की राक्षस निघतात, त्यांच्यापासून जीव वाचवायचा. एके दुपारी मी दाराबाहेरून म्हटलं, “मलाही शिकव की.” नाहीच म्हणणार, असं धरून चाललो होतो. थोड्या वेळाने मोबाईलवर मेसेज आला, जुना लॅपटॉप काढ आणि हेडफोन लाव.

मग रोज दुपारी दुकान भावावर टाकून मी घरी यायला लागलो. मी जेवणाच्या टेबलाशी, ती बंद दारामागे, आणि तिचा आवाज माझ्या कानात. खेळाबद्दल मात्र ती भरभरून बोलायची.

“राक्षस कुठून चालत येत नाहीत, बाबा. मिट्ट काळोख असेल तिथे ते तयार होतात. तुझ्यापासून चोवीस ठोकळ्यांच्या आत नाही होत, आणि फार लांबही नाही होत. शिवाय एका वेळी ठरावीकच. तेवढे गुहांमध्ये झाले की आपल्याकडे एकही नाही.”

“आपल्याकडे म्हणजे? आपल्याला हवेत कशाला?”

हवे होते. तिने एक उंच मनोरा बांधला होता, आत काळोखी मजले. तिथे राक्षस तयार व्हायचे, पाण्याच्या पाटातून वाहत जाऊन खोल खड्ड्यात पडायचे आणि मरायचे. त्यांची हाडं, बंदुकीची दारू, दोरा, सगळं खाली पेटीत जमा. राक्षसांची गिरणीच म्हणा ना. माझ्याकडे काम होतं आजूबाजूच्या गुहांमध्ये मशाली लावायचं, म्हणजे राक्षसांना मनोऱ्याशिवाय जागा उरणार नाही. आता दिवेवाल्याला हे काम दिल्यावर काय! पुण्यातल्या एकाही रस्त्यावर नसेल एवढा उजेड मी त्या गुहांमध्ये पाडला.

गुहा संपल्या. ती आंघोळीला गेली होती. मनोऱ्याला एक छोटं दार होतं, त्यातून मी आत शिरलो. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मला राहवेना. एकेक मजला चढत सगळीकडे मशाली लावून टाकल्या आणि खूश होऊन तिची वाट बघत बसलो.

ती आली. पेटी रिकामी. बराच वेळ वाट पाहून तिने विचारलं, “बाबा, तू आत गेला होतास?”

“गेलो होतो. केवढा अंधार होता! लावले दिवे.”

“अरे, तो अंधार मी केला होता!” आवाज हेडफोनमधूनही आला आणि दारातूनही. “एक फट राहू दिली नव्हती मी. तुला कुठे अंधार दिसला की तो घालवायलाच हवा का?”

खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. पण ती घरी आल्यापासून पहिल्यांदा ओरडली होती, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

लावलेली प्रत्येक मशाल मी मुकाट्याने काढली. मग तिने मला मनोऱ्यापासून लांब, उंचावरच्या एका फळीवर नेऊन उभं केलं.

“इथून हलायचं नाही. जवळ आलास तरी सगळं बंद, लांब गेलास तरी बंद.”

“आणि करायचं काय?”

“काही नाही.”

हे माझ्याच्याने व्हायचं होतं का? पडद्यावर नुसतं आकाश. मी टेबलावर बोटं वाजवली, पाणी प्यायलो, घड्याळ पाहिलं. “बाबा, पाय हलवतोयस. टेबल वाजतंय,” ती म्हणाली. मी पाय आवरला. काही वेळाने खाली राक्षस धपाधप पडल्याचे आवाज सुरू झाले. का आलीस, हा प्रश्न ओठांवर येत होता आणि मी तो गिळत होतो.

“मी पेपरला बसलेच नाही,” ती अचानक म्हणाली. “हॉलच्या दारापर्यंत जायचे, हात थरथरायचे, श्वास लागायचा, की परत फिरायचे. पेपर संपेपर्यंत कॅन्टीनच्या मागे बसून राहायचे. आणि मग तुम्हाला फोन करून चांगला गेला म्हणून सांगायचे.”

डॉक्टर, अर्ज, ओळखीतला एक प्राध्यापक, पुन्हा परीक्षा, सगळं एकदम जिभेवर आलं. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

“कॉलेजात सरांना भेटून सांगायचंय,” ती म्हणाली. “आत मी एकटी जाईन. तू बरोबर ये, पण गेटवर थांब. माझ्या वतीने कुणाशी बोलू नकोस. थांबशील? नुसता?”

मी जोरजोरात मान हलवली. बंद दारामागून तिला ती दिसणार नाही, हे लक्षातच आलं नाही.

“बाबा?” तिने घाबरून विचारलं. “आहेस ना?”

“आहे,” मी म्हणालो.