आईचा फोटो आणि गच्चीवरचं ऊन

मंडळी, आई गेली तेव्हा इथे लखनौत आमच्या चौकातल्या दुकानात इंकजेट प्रिंटर नवाच आला होता. तिचा फोटो मुद्दाम भारीतल्या जाड कागदावर छापून घेतला. दुकानदार म्हणाला होता, "बस, धूप से बचाइए, बरसों चलेगा."

आज बघतो तर दोनच वर्षांत कागद पिवळा, साडीचा रंग उडालेला. मी भांडायलाच निघालो.

मुलगी म्हणाली, "पापा, आजोबा तो रोज़ फोटो लेकर छत पर बैठते हैं."

बाबांना विचारलं. म्हणाले, "अरे, तिला लखनौची थंडी कधी सोसली का?"

दुकानात गेलो, पण दुसरी प्रिंट काढायला. ती कपाटात ठेवलीय. पिवळी बाबांकडेच आहे.

तुम्ही अडवलं असतं त्यांना?