सुधाकाकांच्या नावाची मूठ

मंडळी, आज धुळ्याच्या घरी कानबाईच्या रोटांसाठी गहू काढले. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. हे रोट फक्त घरच्यांनीच खायचे.

माझे नानाकाका आणि त्यांचे सुधाकर १९८९ पासून जळगावला, मेहरूणमध्ये एकत्र राहतात. सणाला दोघंही येतात. सुधाकाका दिवसभर राबतात आणि आम्ही रोट खायला बसलो की शेजारी जेवायला जातात.

आज आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणखी गहू घेतले. "हाई मूठ सुधाकरनी."

चुलतभाऊ कुरकुरला, "दोन पुरुषांचं लग्न कोर्टानेसुद्धा मानलं नाही, आबा."

"कोर्ट काय म्हनस ते म्हनू दे. सुधाकर आपला घरना शे."

नानाकाका डोळे पुसत म्हणाले, "पीठ उडालं."

जात्यात अजून एक दाणाही पडला नव्हता.