वाकडा मासा

"आंगठा आभाळाला!" म्हणत मावशी आपला सुरकुतलेला अंगठा वर धरायच्या, की आमच्या नर्सरीतली वीसही मुलं अंगठे वर करायची. मगच त्यांच्या हातात कात्री पडायची.

मावशी जूचंद्र गावाहून यायच्या. त्यांचं काम म्हणजे शू पुसणं, डबे उघडून देणं, कचरा भरणं. शिक्षिका मी. पण इवल्या बोटांत जोर कसा आणायचा, हे माझ्या डिप्लोमापेक्षा त्यांना जास्त कळायचं.

जूनमध्ये त्या कात्रीला हात लावू द्यायच्या नाहीत. मोड आलेले वाल आणून सोलायला बसवायच्या. चिमटीत दाबलं की दाणा टुणकन उडायचा आणि मुलं खिदळायची. पुढे कणकेच्या वळ्या कापायच्या, मग कागद. "कात्री नाय फिरवायची बाय, कागद फिरव."

एका आईने वालांचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. "फी भरतो ती मुलांकडून भाजी निवडून घ्यायला?" खाली पटापट सगळ्यांचा होकार. घरी ह्यांचीच मुलं मोबाइल समोर धरल्याशिवाय घास गिळत नाहीत! शिसारी आली मला. पण उत्तर काही लिहिलं नाही.

रेवाच्या हातात तर जोरच नव्हता. तिची कात्री उघडायची, पण मिटायची नाही. मावशींनी तिला महिनोन्महिने वाल सोलायला लावले. शेवटी प्रदर्शनाच्या आठवड्यात तिने कागदाचा अख्खा मासा कापला. शेपूट वाकडी, एक पर तुटलेला. दिवसभर तो तिने कोणाला हात लावू दिला नाही.

तुम्ही अशी प्रदर्शनं पाहिली असतील. आदल्या दिवशी शिक्षिका बसून सगळं सुबक कापतात आणि खाली मुलांची नावं लिहितात. किळसवाणा प्रकार आहे. मीही वीस मासे कापले आणि रेवाचा मासा माझ्याच हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी रेवा भिंतीसमोर उभी राहिली. "हा माझा नाही."

"वेडी, नाव तुझंच आहे ना!" तिची आई फोटो काढत म्हणाली.

मावशी पुढे आल्या. कनवटीचा बटवा उघडून त्यांनी एक चुरगळलेला मासा काढला, तळहाताने सपाट केला आणि माझ्या माशावर टोचला. "ह्यो पोरीनं कापलाय. बाकीचे कोनी कापले, ते टीचरना इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी खाली वाकून सांडलेल्या टाचण्या वेचायला लागले.

पालक पांगल्यावर मुख्य बाई मावशींना म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ नका." मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी अजून टाचण्याच वेचत होते. मला माझी इतकी किळस कधी वाटली नव्हती.

आता वाल बंद आहेत. शू दुसरी बाई पुसते.

काल मी रेवाला कात्री दिली. तिने सवयीने अंगठा वर केला, दाराकडे पाहिलं आणि कात्री माझ्यापुढे सरकवली.

"टीचर, तुम्हीच कापा. तुमचं छान येतं."

मी कापलं.