देवळातलं उद्घाटन

"मॅडम, देवळात नको," वंदना म्हणाली.

तिच्या हातात अकरा मुलामुलींची यादी होती. नाव, वय आणि पुढे तिने स्वतःच आखलेला एक रकाना: सकाळी कोण किती वाजता मोकळं होतं. 'या दोघी पाणी भरून येतील, दहानंतर.' 'हिची आई कामाला जाते, धाकटा भाऊ सोबत येईल.' मी समाजकार्याची डिग्री घेतलेली बाई, पण हा रकाना मला सुचला नव्हता.

नव्वदीची सुरुवात होती. अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका केमिकल कंपनीत मी वेल्फेअर ऑफिसर होते. म्हणजे कॅन्टीनच्या डाळीपासून कामगारांच्या घरगुती भांडणांपर्यंत जे कुणाचंच काम नसतं, ते माझं. कंपनीने वांगणीच्या आतल्या बाजूचं एक गाव दत्तक घेतलं होतं. तिथे मे महिन्यात आठवीच्या पुढच्या मुलांसाठी पाच दिवसांचं लीडरशिप शिबिर घ्यायचं ठरलं. सभा कशी चालवायची, अर्ज कसा लिहायचा, चार लोकांत उभं राहून कसं बोलायचं, असं सगळं.

अशा कामाची पहिली पायरी 'नीड असेसमेंट'. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना आधी जाऊन विचारायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी गावात फिरत होते तेव्हा बौद्धवाडीत वंदना भेटली. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. वडील बदलापूरला एका कारखान्यात फिटर. वाडीतल्या लहान मुलांचा अभ्यास ती घ्यायची. तिला मी शिबिराबद्दल एकदा सांगितलं आणि चार दिवसांत यादी तयार.

अडचण जागेची होती. शाळा बंद. किल्ली हेडमास्तरांकडे आणि ते सुट्टीला त्यांच्या गावी, साताऱ्याकडे. पंचायत समितीतून परवानगी आणून कुलूप उघडायचं तर आठ-दहा दिवस जाणार होते. वाडीतला विहार एका खोलीएवढा. सरपंचांनी देवळाचा सभामंडप देऊ केला होता. पत्र्याचं छप्पर, पंखे, शेजारी स्वयंपाकाची सोय. मी हो म्हणून बसले होते.

"अगं, देवाला जायचंच नाहीये. मंडपात नुसतं बसायचं," मी म्हटलं.

"मंडपात बसायला हरकत नाही, मॅडम. पण सुरुवातीला आरती होणार. आम्ही हात जोडून उभे राहिलो तर घरी काय सांगायचं? आणि नाही राहिलो तर गावाला काय सांगायचं?"

"आरती होणार नाही. माझा शब्द."

तिने यादी माझ्या हातात दिली.

ऑफिसात मी मनवानीसाहेबांना हे सांगितलं. ते आमचे पर्सोनेल मॅनेजर, उल्हासनगरचे. माणूस चांगला.

"तारीख आठवडाभर पुढे गेली तर शाळा मिळेल, सर."

"मॅडम, जीएमसाहेब खुद आ रहे हैं. त्यांची डेट परत नाही मिळणार. सरपंचांशी बोलून घ्या ना."

मी बोलले. कसं बोलले ते सांगायला हवं. सरपंचांच्या ओटीवर चहा घेत मी म्हटलं, "भाऊ, कार्यक्रम अगदी साधा ठेवू."

"साधाच, बाई. आपले गावान भपका नाय."

आरती हा शब्द मी तोंडातून काढला नाही. मंडप त्यांचा, जेवणाची सोय त्यांची. उगाच वाईटपणा कशाला, असं वाटलं. परतताना वाडीवर जीप थांबवून वंदनाला सांगितलं, "बोलणं झालंय."

पहिल्या दिवशी अकराच्या अकरा आले. धुतलेले कपडे, तेल लावून बसवलेले केस. वंदनाने त्यांना मागे न बसवता मधोमध बसवलं. जीएमसाहेब आले, हार झाले. मग सरपंच सहज म्हणाले, "चला, आधी आरती करून घेऊ." कुणीतरी ताट आणलं. घंटा वाजू लागली. सगळे उठले.

वंदनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी जीएमसाहेबांच्या शेजारी उभी होते. दोन पावलं पुढे होऊन "भाऊ, एक मिनिट" म्हणायचं होतं. तेवढंच. मी हात जोडले.

तिने शेजारच्या मुलीच्या खांद्याला हात लावला. एकेक करून ती सगळी बाहेर पडली. ढकलाढकली नाही, कुरबूर नाही. शेवटच्या मुलाला चप्पल सापडेपर्यंत वंदना उन्हात थांबली. आरती संपली तेव्हा मंडपाच्या मधोमध जागा रिकामी होती.

त्यानंतर माझं सत्र होतं. विषय होता, 'नेतृत्व म्हणजे काय?' फळ्यावर लिहिलं आणि पाऊण तास बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

दुपारी वाडीवर गेले. तिचे वडील सेकंड शिफ्टला निघत होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माफी मागितली. वंदना म्हणाली, "तुमचा नाइलाज असेल, मॅडम." मी त्याला 'हो' म्हणून टाकलं. नाइलाज नव्हता, हे तिथे सांगायला हवं होतं.

शिबिर छान पार पडलं. सर्टिफिकेटं वाटली, फोटो निघाले. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'अकरा शिबिरार्थी घरगुती कारणाने गैरहजर.' मनवानीसाहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

पुढच्या वर्षी मार्चमध्येच शाळेची लेखी परवानगी काढली आणि ती घेऊन वंदनाकडे गेले. ती तेव्हा अकरावीला, उल्हासनगरच्या कॉलेजात होती. तिने कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला.

"जागा चांगली आहे, मॅडम. पण मुलांना घेऊन मी नाही येणार. मागच्या वेळी घरोघरी जाऊन सांगितलं होतं, मॅडमनी शब्द दिलाय म्हणून."

वाडीतून त्या वर्षी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग कंपनीने दुसरं गाव घेतलं.

नंतर मी बरीच वर्षं नवीन ऑफिसरांना ट्रेनिंग दिलं. नीड असेसमेंट शिकवताना सांगायचे, लोकांना विचारा. मी स्वतः विचारलं होतं, उत्तरही मिळालं होतं. फक्त ते ज्याला सांगायचं होतं, त्याच्यासमोर चहा पिऊन परत आले.