सारिकाचा पट्टा, माझा हात

मी चौथी शिकलेली बाई. अंगात येणं, करणी, भूतबित... असलं काही मी आयुष्यात मानलं नाही. मुलीला फिटा येतात म्हणून ‘भगताकडे चला’ म्हणणाऱ्या जावेला मी दारातूनच वाटेला लावलं होतं. तरी हे लिहिते आहे, कारण झालं ते झालं.

आम्ही जुईनगरला राहतो. मी, मुलगी सारिका आणि मुलगा नितीन. सारिकाला डॉक्टरांनी मनगटावर बांधायचा पट्टा दिला. फिट आली की तो हाताच्या झटक्यांवरून ओळखतो आणि नितीनच्या मोबाइलवर अलार्म वाजतो. पण सारिका तांदळाची भाकरी थापायला लागली की पट्ट्याला तीसुद्धा फिटच वाटायची! नितीन दोनदा नेरूळच्या ऑफिसातून धावत आला आणि गरम भाकरी खाऊन परत गेला. पट्टा काढून ठेवला तर मोबाइल ‘पट्टा घाला’ म्हणून टुकटुक करायचा. म्हणून भाकरीच्या वेळी सारिका तो माझ्या मनगटात अडकवायची.

त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसले होते — दोन्ही हात मांडीवर. नितीनचा फोन आला.

“आई, ताई पडली काय? अलार्म वाजतोय!”

“कोन नाय पडलं. पट्टा माझ्या हातात हाय.”

“मग तू नाचतेस काय?”

“म्हातारीची थट्टा करतोस? थांब, तिच्याशीच बोल.”

फोन घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. सारिका गॅसपाशी उभी, तव्यावर भाकरी. “तुझं यंत्र पिसाळलंय. ये इकडं, भावाला सांग.”

ती हसत माझ्याकडे आली. “हां, बोल रे—” एवढंच म्हणाली... डोळे फिरले, अंग ताठ झालं. मी तिला कवेत धरून खाली बसले, कुशीवर वळवलं. चप्पल, कांदा काही हुंगवलं नाही. फिट थांबेपर्यंत तिथेच बसून राहिले. भाकरीचा कोळसा झाला. गॅसपाशीच असती तर सारिका तोंडावर त्या तव्यावर पडली असती.

डॉक्टर म्हणाले, “आजी, तुमचा हात हलला असेल.”

हलला नव्हता. आणि हलला असता तरी अलार्म आधी वाजला, फिट मागून आली. ते कसं, विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सारिकाने मला विचारलं, “आई, तुला आतून कायतरी जानवलं असंल ना?”

खोटं कशाला बोलू? काही जाणवलं नव्हतं. जन्म मी दिला, पण कळलं ते पट्ट्याला. कसं कळलं, ते मला आजही माहीत नाही.